बतावणीचा पुरावा उरत नाही

माझा भाचा पुण्यात नोकरीला आहे. सणाला सोलापूरला आला तरी त्याच्या कानातले इअरफोन निघत नाहीत. मागच्या रमजान ईदला शीरखुर्म्याची वाटी बाजूला ठेवून तो माझ्याजवळ सरकला, एक इअरफोन माझ्या कानात घातला आणि म्हणाला, "मामू, ये सुनो जरा." दोन-तीन माणसं इंग्रजीत भराभर बोलत होती, एकमेकांना तोडत होती, हसत होती. निम्मं माझ्या डोक्यावरून गेलं. कार्यक्रमाचं नाव 'द ब्यूगल'. अँडी झाल्टझमन आणि जॉन ऑलिव्हर या दोन इंग्रज विनोदवीरांनी २००७ साली सुरू केलेला हा पॉडकास्ट स्वतःला आवाजी वर्तमानपत्र म्हणवतो. वर्तमानपत्राला जशा पुरवण्या असतात तशा यालाही आहेत. गंमत अशी की दर भागात एक पुरवणी थेट कचऱ्याच्या टोपलीत टाकल्याचं जाहीर केलं जातं. नेहमीच्या श्रोत्याला हे ठाऊक असतं आणि आज टोपलीत काय जाणार याची तो वाट बघत असतो. ऑलिव्हर पुढे अमेरिकेत टीव्हीवर मोठा झाला. झाल्टझमन अजून हेच करतो आणि त्याच्या पाहुण्यांमध्ये अनुवब पाल, अदिती मित्तल अशी आपल्याकडची माणसंही असतात.

भाच्याला आणि त्याच्या दोन मित्रांना असाच कार्यक्रम मराठीत करायचा आहे. आठवड्याच्या बातम्या, ठरलेले तीन-चार भाग आणि टिंगल. "मराठीत असं कुणी केलेलंच नाही मामू," तो म्हणाला.

मी उत्तर द्यायच्या आत आपा स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं. "बाकीच्यांच्या पोरांनी केलं तर कॉमेडी, आपल्या पोरानं केलं तर केस," एवढंच म्हणून ती आत गेली. भाचा माझ्याकडे बघत राहिला. दोघांपैकी कुणाला काय सांगावं हे मला त्या दिवशी सुचलं नाही. पुढचं सगळं त्या दोघांसाठी लिहितो आहे.

आधी भाच्याचं.

माझं आजोळ बार्शी तालुक्यात. गावात पिराचा उरूस भरायचा. पहिल्या दिवशी संदल, दुसऱ्या दिवशी कुस्त्या आणि त्या रात्री तमाशा. उरूस मुसलमानांच्या पिराचा, पण वर्गणी सगळ्या गावाची आणि तमाशाचा फडही गावानंच ठरवलेला. मशिदीतले इमामसाहेब दरवर्षी सांगायचे की तमाशा बघणं गुनाह आहे. माझे नाना इशाची नमाज पढून, घोंगडी खांद्यावर टाकून, सगळ्यात मागे लिंबाखाली अंधारात येऊन बसायचे. इमामसाहेबांनी एकदा विचारलंच. नाना म्हणाले, "मी तमाशा कुठं बघतो? बातम्या ऐकायला बसतो."

ही पळवाट होती, पण खोटी नव्हती. तमाशाचा क्रम ठरलेला. आधी ढोलकी-हलगीची सलामी, मग गण, मग गवळण, मग बतावणी, मग लावण्या आणि शेवटी पहाटेपर्यंत चालणारा वग. गणात गणपतीला वंदन. गवळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांच्या पुढे लुगडं नेसलेला पुरुष म्हणजे मावशी, आणि वाट अडवणारे कृष्ण आणि पेंद्या. कृष्ण दाण मागतो, म्हणजे रस्त्यावरची जकात. मावशी घासाघीस करते. गोष्ट एवढीच, आणि ती शंभर वेळा बघितलेली. पण नेमकं याच जागी ताज्या घडामोडींना दार उघडं असायचं. दाण कसलं, पावती कुठली, साहेब कोण, वाटा कुणाकुणाचा, असे प्रश्न निघाले की गोकुळ बाजूला राहायचं आणि तालुक्याची कचेरी समोर यायची. बतावणीत तर कृष्णाचाही आडपडदा नसे. सोंगाड्या आणि नाईक समोरासमोर उभे राहून जे सुचेल ते बोलत. चांगला सोंगाड्या दुपारीच गावात फेरी मारून, चहाच्या टपरीवर बसून, सरपंचाचं नाव, कुणाची विहीर कुणाच्या नावावर आहे, कुठल्या रस्त्याची खडी कुठं गेली, हे सगळं गोळा करून ठेवायचा.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. दुष्काळी साल होतं आणि रोजगार हमीची कामं चालू होती. हजेरीपटावर मेलेल्या माणसांची नावं असतात हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पेंद्यानं मावशीला विचारलं, तुझं नाव मस्टरवर आहे का. मावशी म्हणाली, "हाय की. मी तर दोन वरसामागं मेलेय, शनिवारी पगाराला तेवढी उठते." माणसं हसली आणि हसता हसता पुढच्या रांगेत बसलेल्या मुकादमाकडे बघू लागली. मुकादमही हसला. त्याला हसावंच लागलं. मागे लिंबाखालून नानांचा खोकला आणि हसू एकत्र ऐकू आलं, ते मला अजून आठवतं.

तेव्हा भाचेसाहेब, ठरलेल्या भागांची बातम्यांची टिंगल हा लंडनचा शोध नाही. फार तर एवढं म्हणता येईल की त्यांच्याकडे ती ब्यूगल वाजवून सुरू होते आणि आपल्याकडे हलगी.

याची मुळं तमाशाच्याही मागे जातात आणि आमच्याच जिल्ह्यातून जातात. आषाढीला पंढरपुरात अजून एकनाथांची भारुडं होतात. भारुडात ठरलेली सोंगं येतात. जोशी येतो, गोंधळी येतो, महार येतो, फकीरही येतो. फकिराच्या तोंडी दखनीच्या वळणाची भाषा असते, आमच्या घरात बोलतात तिच्या आजीसारखी. मला सगळ्यात आवडतात ती कागदपत्रांची भारुडं. अर्जदस्त, जाहीरनामा, ताकीदपत्र, अभयपत्र. सोळाव्या शतकातल्या सरकारी दप्तराची फारसी-मिश्रित भाषा जशीच्या तशी उचलून नाथांनी तिच्यात देहाच्या गावाचा कारभार लिहिला आहे. वरवर बघता ते अध्यात्म आहे. पण ज्या शेतकऱ्यानं दिवसभर पाटील-कुलकर्ण्यांकडे खेटे घातले, त्याला रात्री त्याच भाषेतला अर्ज ऐकून हसू आलं नसेल असं मला वाटत नाही. नाथांचा 'हिंदू-तुर्क संवाद' तर दोघांनी एकमेकांच्या धर्मातली विसंगती काढून केलेलं उघड भांडण आहे. त्यात दोघेही सडकून बोलतात, कुणी कुणाला सूट देत नाही, आणि शेवटी समेट होतो. आजच्या टीव्हीवर असा संवाद होतो, पण समेट होण्याआधी जाहिरात लागते.

पेशवाईच्या उत्तरार्धात सोलापूरच्याच राम जोशींनी कीर्तनकाराच्या घराण्यातून उठून लावणीचा फड धरला. जेजुरीचे सगनभाऊ जातीनं शिकलगार, धर्मानं मुसलमान. शस्त्रांना धार लावणाऱ्या घरातला हा माणूस मराठी लावणीचा मोठा शाहीर झाला आणि त्याच्या लावण्या गाताना कुणी त्याचा मजहब विचारल्याचं दिसत नाही. मराठी मुसलमानाचा मराठीशी संबंध काय, हा प्रश्न मला दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतं, आणि मी दरवेळी सगनभाऊंचं नाव घेतो. आता कंटाळा आला आहे, पण नाव घेणं सोडलेलं नाही.

आता मधली काही वर्षं सोडून सरळ बार्शीला येतो, कारण खरी गोष्ट तिथं आहे.

२० ऑक्टोबर १९१६ रोजी बार्शीत मेहबूब हुसेन पटेल नावाचा मुलगा जन्मला. आईचं नाव मुनेरबी. तिला गाण्यांचा नाद, आणि मुलानं तिच्याकडूनच गाणं उचललं. घरची गरिबी, त्यामुळे मिळेल ते काम. पाणक्या, बसचा क्लीनर, गिरणी कामगार. गिरणीच्या संपात पुढे राहिला म्हणून तुरुंगात गेला. विसापूरच्या तुरुंगात कम्युनिस्ट कार्यकर्त्यांची गाठ पडली आणि पुढची दिशा ठरली. मध्ये काही काळ कोल्हापूरला मास्टर विनायकांकडे चित्रपटाच्या धंद्यात काढला. तिथेच त्याचा अमर शेख झाला.

या नावाकडे जरा थांबून बघावं. अमर आणि शेख. आमच्यातले काही लोक म्हणतात, मेहबूब का सोडला? दुसऱ्या बाजूचे विचारतात, मग शेख का ठेवला? मला वाटतं, त्यानं दोन्हींचं समाधान करायचा प्रयत्नच केला नाही. ज्या काळात नट मंडळी मुसलमानी नाव झाकून पडद्यावर येत होती, त्या काळात, फाळणीच्या आगेमागे, हा माणूस हजारोंच्या सभेत 'शेख' हे आडनाव लावून मराठीत गात उभा राहिला. कर्ण्याशिवाय त्याचा आवाज मैदानाच्या टोकापर्यंत जायचा असं ऐकणारे सांगत. आचार्य अत्र्यांनी त्याला महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हटलं. अत्र्यांना अतिशयोक्तीची सवय होती, तरीही.

१९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. अण्णाभाऊ वाटेगावचे, मातंग समाजातले, नात्यातल्याच बापू साठेंच्या तमाशात तयार झालेले. गण-गवळण-बतावणीचा साचा त्यांच्या अंगात मुरलेला होता. त्यांनी हाच साचा घेतला आणि त्याच्या भागांशी खेळ सुरू केला. गणात गणपतीच्या जागी मातृभूमी, हुतात्मे, कष्टकरी आले. गवळण काढून टाकली. बतावणी आणि वग मात्र ठेवले, नुसते ठेवले नाहीत तर त्यांवर सगळा भार टाकला. वगांची नावंच बघा. 'शेटजींचे इलेक्शन', 'अकलेची गोष्ट', 'देशभक्त घोटाळे', 'बेकायदेशीर', 'लोकमंत्र्यांचा दौरा', 'माझी मुंबई'. ही वर्तमानपत्राची मथळ्यांची यादी वाटते. काळा बाजार, रेशन, निवडणूक, सावकार, संप, मंत्र्याची गाडी आणि तिच्यामागची धूळ. ज्याला वाचता येत नव्हतं त्या गिरणी कामगाराला परळच्या मैदानात ही आठवड्याची बातमी मिळत होती, आणि ती हसत हसत मिळत होती.

गवळण काढली याचं मला थोडं वाईट वाटतं. माझी मावशी, तिचं मस्टर, शनिवारचा पगार हे सगळं गवळणीतलंच होतं. लाल बावट्याच्या मंडळींना ती जुनाट आणि बाईला खेळणं करणारी वाटली असणार. त्यात तथ्यही आहे. पण गोकुळाच्या आडून बोलायची जी सोय होती ती त्यांनी स्वतःहून सोडली. त्यानंतर जे काही बोलायचं ते उघड बोलायचं होतं.

आणि उघड बोलल्याचं फळ लगेच मिळालं. स्वातंत्र्य आलं, मुंबई प्रांतात खेर मंत्रिमंडळ होतं, गृहखातं मोरारजी देसाईंकडे होतं. १९४८ च्या सुमारास तमाशावर बंदी आली. कारण दिलं ते अश्लीलतेचं. तमाशात अश्लीलता नव्हती असं कुणीच म्हणणार नाही. पण लाल बावटा कलापथकात तर लावणीची नाचणारी बाई नव्हती, गवळणही नव्हती. तिथं शेटजी आणि मंत्री होते. बंदी त्यांच्यापर्यंतही पोचली. अण्णाभाऊंनी मग तमाशा हा शब्द बाजूला ठेवून लोकनाट्य म्हणायला सुरुवात केली. नाव बदललं आणि खेळ चालू राहिला. आज आपण 'लोकनाट्य' हा शब्द किती प्रतिष्ठेनं वापरतो! त्याच्या जन्माशी पोलिसांना दिलेल्या हुलकावणीचाही संबंध आहे, हे विद्यापीठातल्या चर्चासत्रांत फारसं कुणी बोलत नाही.

सरकारला टिंगलेची भीती वाटणं यात नवीन काही नव्हतं. १८७६ चा नाट्यप्रयोग नियंत्रण कायदा इंग्रजांनी आणला तोच मुळी कलकत्त्यातल्या एका प्रहसनानं प्रिन्स ऑफ वेल्सच्या स्वागताची खिल्ली उडवल्यावर. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'त कीचक कोण आणि लॉर्ड कर्झन कोण हे पिटातल्या प्रेक्षकालाही कळत होतं. इंग्रजांना ते कळायला जरा वेळ लागला आणि १९१० मध्ये त्यावर बंदी आली. आमच्या सोलापुरात तर छापील शब्दाची किंमत मार्शल लॉनं ठरवली. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांपैकी अब्दुल रसूल कुर्बान हुसेन हा विशीतला तरुण 'गझनफर' या पत्राचा संपादक होता. त्या वेळी बार्शीचा मेहबूब चौदा वर्षांचा होता. सोलापूरहून बातमी पोचायला फार वेळ लागला नसेल.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात, १९५६ ते १९६०, अमर शेख पूर्ण बहरात होते. शिवाजी पार्कपासून बेळगावपर्यंत सभेच्या आधी शाहीर आणि मग पुढारी असा क्रम असायचा, आणि पुष्कळदा लोक शाहिरासाठीच आलेले असत. मुंबई कुणाची, हा प्रश्न एक शेख मराठीत विचारत होता आणि कामगार टाळ्यांनी उत्तर देत होते. महाराष्ट्राच्या स्थापनेच्या मिरवणुकांत आज हे चित्र फार क्वचित दिसतं. बार्शीकर त्यांची आठवण काढतात, इतरत्र त्यांचं नाव घेतलं की लोक आधी त्यांची लेक, कवयित्री मलिका अमर शेख यांची ओळख सांगतात. २९ ऑगस्ट १९६९ रोजी इंदापूरजवळ अपघातात ते गेले. वय ५२. सोलापूरच्या हमरस्त्यावरच.

त्यांचे 'कलश', 'धरतीमाता' हे कवितासंग्रह आहेत. 'पहिला बळी' हे नाटक आहे. पण सभेत उभं राहून, समोर कोण बसलंय ते बघून, दोन कडव्यांच्या मधे जे ते बोलले त्यातलं जवळजवळ काहीच उरलेलं नाही. अण्णाभाऊंचे वग छापलेले मिळतात. त्यात बतावणीच्या जागा दिसतात, पण त्या रात्री त्या जागेत काय भरलं होतं ते दिसत नाही. इतिहास लिहिणाऱ्याला याची हळहळ वाटते. मलाही वाटते. आता हळहळ बाजूला ठेवून हीच गोष्ट करणाऱ्याच्या बाजूनं बघू.

१९५४ साली रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ आलं. प्रयोगाआधी संहिता मंडळाकडे द्यायची, त्यांनी वाचून शिक्का मारायचा. तमाशाचं काय करायचं? वगाची संहिता देता येते. बतावणीची संहिता कुठून देणार, ती तर सोंगाड्याला दुपारी चहाच्या टपरीवर सापडते. कागदावर 'येथे बतावणी' एवढं लिहिलं की झालं. ठरलेल्या भागाचा फायदा तो हाच. सरकारला भागाचं नाव दिसतं, आतला मजकूर दिसत नाही. प्रेक्षकाला दोन्ही दिसतात. आणि सकाळ झाली की राहुट्या उठतात, मुकादमाकडे तक्रार करायला काही उरत नाही. काय म्हणाला तो? म्हणाला काहीतरी. सगळे हसले. तुम्हीही हसलात की!

ही जागा ज्यांना नीट कळली त्यांत पुन्हा एक सोलापूरकर आहेत. वसंत सबनीस. सोलापूरचा जन्म, पंढरपूरचं शिक्षण. त्यांनी १९६५ मध्ये 'विच्छा माझी पुरी करा' रंगभूमीवर आणलं आणि हवालदार केला दादा कोंडकेंना. गोष्ट राजा, प्रधान, कोतवालाची. पण कोंडके त्यात रोजची बातमी घालत, त्यामुळे तेच नाटक लोक चार-चार वेळा बघायला जात. दीड हजारावर प्रयोग झाले. काँग्रेसच्या राज्यात काँग्रेसची अशी रेवडी रोज उडत होती आणि संहितेत त्यातलं बरंचसं नव्हतंच.

पण इथं एक गोष्ट सांगितली नाही तर मी भाच्याला अर्धंच सांगितल्यासारखं होईल. पुढच्याच वर्षी, शिवसेनेच्या जन्माच्या सुमारास, शाहीर साबळेंचं 'आंधळं दळतंय' आलं. मुंबईत मराठी माणसाची होणारी उपेक्षा हा त्याचा विषय. साबळेंचा आवाज, त्यांचं मुक्तनाट्य, सगळं अव्वल. साचा तोच. पण हसू आता मंत्र्या-शेटजींबरोबर दक्षिणेतून पोट भरायला आलेल्या कारकुनाकडेही वळलं. लुंगीची टिंगल करताना टाळी लवकर मिळते हे त्या काळात अनेकांच्या लक्षात आलं. बतावणी स्वतः कुणाची बाजू घेत नाही. तिच्यात जो उभा राहतो तो ठरवतो मुकादमाकडे बघायचं की मजुराकडे. सोंगाड्याची दाढी-टोपी लावून केलेली नक्कल मीही लहानपणी बघितली आहे. नानाही तेव्हा हसले होते. काही वर्षांनी तशीच नक्कल एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये बघितली तेव्हा मला हसू आलं नाही. नक्कल तीच होती. मध्ये १९९२ येऊन गेलं होतं.

आता आपाचं.

१ जानेवारी २०२१ रोजी इंदूरमध्ये मुनव्वर फारुकी या विनोदवीराला अटक झाली. कार्यक्रम रंगायच्या आतच तो थांबवण्यात आला होता. जो विनोद त्या दिवशी केल्याचा आरोप होता त्याचा पुरावा पोलिसांनाही दाखवता येत नव्हता. महिनाभराहून जास्त काळ तो तुरुंगात राहिला, ५ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयानं अंतरिम जामीन दिला. त्यानंतरही गावोगावचे त्याचे कार्यक्रम रद्द होत राहिले. आपाला हे नाव पाठ आहे. तिच्या वयाच्या, तिच्यासारख्या अनेक आयांना पाठ आहे. म्हणून मी तिला भित्री म्हणणार नाही.

मात्र तिचा हिशेब पुरा नाही. मार्च २०२५ मध्ये मुंबईत खारच्या एका स्टुडिओची तोडफोड झाली. कुणाल कामरानं उपमुख्यमंत्र्यांवर एक विडंबनगीत म्हटलं होतं, त्याची क्लिप फिरली आणि शिंदे गटाचे कार्यकर्ते स्टुडिओत शिरले. कामरा मुसलमान नाही. म्हणजे 'बाकीच्यांची पोरं' म्हणून जी एक सुरक्षित जमात आपाच्या डोळ्यासमोर आहे, ती तितकीशी सुरक्षित राहिलेली नाही. फरक आहे, आणि मोठा आहे. एकाला काय बोलला म्हणून धरतात, दुसऱ्याला काय बोलला असता म्हणून. पण दोघांच्या घरी आई जागीच असते.

बदललंय ते वेगळंच आहे. मावशीचा विनोद त्या तंबूतल्या माणसांसाठी होता. मुकादम कोण, मस्टर कसलं, कालच्या ग्रामसभेत काय झालं, हे हसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आज विनोद रेकॉर्ड होतो. त्यातले वीस सेकंद कापून मोबाइलवर फिरतात आणि ते अशा माणसाकडे पोचतात ज्याला ना मुकादम माहीत, ना मस्टर. त्याला फक्त नाव दिसतं. बतावणीचा पुरावा उरत नसे. पॉडकास्ट म्हणजे सगळा पुरावाच. अमर शेखांच्या मधल्या बोलण्याचा पुरावा उरला नाही म्हणून मी हळहळतो, आणि भाच्याच्या बोलण्याचा पुरावा कायमचा उरणार म्हणून माझ्या पोटात गोळा येतो. दोन्ही एकाच वेळी.

बकरी ईदला तो पुन्हा आला. पहिल्या भागाचा आराखडा वहीत लिहून आणला होता. मी त्याला वरचं सगळं तुकड्यातुकड्यानं फोनवर सांगितलेलं होतंच. त्यानं भागांना नावं दिली होती. सुरुवातीला सलामी, मग जकात नाका, मग अर्जदस्त, शेवटी मस्टर. जकात नाक्यावर आठवड्यातल्या एका पुढाऱ्याला अडवून दाण मागायचं. अर्जदस्तात सरकारी पत्राच्या भाषेत तक्रार करायची, पहिली तक्रार सोलापूरच्या नळाला चार-पाच दिवसांनी येणाऱ्या पाण्याची. मस्टरमध्ये, ज्या योजना कागदावर जिवंत आणि गावात मेलेल्या आहेत त्यांची हजेरी. मी पाण्याच्या अर्जदस्तावर खूप हसलो. आपा पोळ्या लाटत होती, तीही हसली, आणि हसल्याचं दिसू नये म्हणून उठून गॅस बारीक करायला गेली.

"सलामीत काय आहे?" मी विचारलं. ते पान कोरं होतं.

"तेच कळत नाही मामू. गणात कुणाला तरी वंदन करावं लागतं ना? मित्रांपैकी एक म्हणतो गणपती, एक म्हणतो शिवाजी महाराज, एक म्हणतो काहीच नको. मी बोललो तर..." त्यानं वाक्य सोडून दिलं.

मी म्हटलं, अण्णाभाऊंना आणि अमर शेखांनाही हा प्रश्न पडला होता. त्यांनी कष्टकऱ्यांना वंदन केलं.

आपा दारातून म्हणाली, "ज्यांच्या नळाला पाणी नाही त्यांना करा."

भाच्यानं वहीत लिहून घेतलं. मग तिच्याकडे बघून विचारलं, "अम्मी, म्हणजे करू?"

ती काही बोलली नाही. पोळी करपल्याचा वास आला म्हणून आत गेली.